पेढीची साक्ष कोण लिहिणार?

वऱ्हाडात ‘नाला’ हा शब्द मुळात वाईट नव्हता. आमच्या रिद्धपुराच्या शिवारात आजही जुनी माणसे ‘नाला’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पावसाळ्यात दुथडी भरणारा, हिवाळ्यात रेतीवरून झुळझुळणारा आणि उन्हाळ्यात झिरा खोदला तर तांब्याभर गोड पाणी देणारा ओहोळ उभा राहतो. शहरात आले की तोच शब्द उच्चारताना माणसे नाकाला रुमाल लावतात. शब्द तोच, अक्षरे तीच. अर्थ मात्र सडला. भाषाशास्त्राच्या तासाला आपल्याला ‘अर्थापकर्ष’ शिकवतात आणि उदाहरणे पुस्तकातली देतात. माझ्या मते याहून चांगले उदाहरण शोधावयास पुस्तकात जाण्याचे कारण नाही. येथे आधी पाणी सडले आणि मग शब्द सडला, इतकेच.

हे आठवण्याचे कारण पेढी नदी. ही नदी आमच्या रिद्धपुराच्या परिसरात उगम पावते, नैऋत्येकडे वाहत वलगाव, भातकुली या बाजूने जाते आणि पुढे पूर्णेला मिळते. खालचा तो सारा मुलूख खारपाणपट्ट्याचा. तेथे विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते खारट. ज्या मुलुखात जमिनीच्या पोटातले पाणी तोंडात धरवत नाही, तेथे वरून वाहत येणाऱ्या गोड्या पाण्याची किंमत काय असते, हे त्या गावच्या बायकांना विचारावे. आणि नेमकी त्याच वाटेवर अमरावती शहराचे सांडपाणी घेऊन अंबा नाला पेढीला येऊन मिळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले. त्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रातले होते. म्हणजे या बाबतीत आपले राज्य देशात पहिले आले! त्या ५३ मध्ये पेढीचा नारायणपूर ते भातकुली हा पट्टाही आहे. अकोल्याची मोर्णा आहे आणि खुद्द पूर्णाही आहे. वऱ्हाडच्या वाट्याला असा मान आला, पण त्याचे कोणी पेढे वाटले नाहीत.

आता मी मुद्द्यावर येतो. या नदीवर मी एक अख्खा दिवस मासेमारीत घालवला आणि त्या दिवसावरून जे मत बनले ते येथे मांडावयाचे आहे. पण त्याआधी एका आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे. काही वाचक म्हणतील, ‘रिद्धपूरचा मुलगा, श्रीगोविंदप्रभूंच्या भूमीतला, आणि मासेमारीवर लिहितो?’ आक्षेप रास्त आहे. अहिंसा हा महानुभाव पंथाचा प्राण आहे. पारध्यांच्या तडाख्यातून सुटून आलेल्या सशाला श्रीचक्रधरांनी अभय दिले, ही लीळा आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मी स्वतः मासे खात नाही, आणि कोणी खावेत असा माझा आग्रहही नाही. परंतु मला एक कोडे पडते. दिवसभर उन्हात उभा राहून चार मासे धरणारा भोई हिंसक ठरतो. आणि ज्यांच्या मोरीतले पाणी एका रात्रीत डोहातले सारे मासे मारून टाकते, ते तुम्ही-आम्ही मात्र अहिंसक ठरतो. हे कसे? जाळ्याला निदान भोके असतात, त्यातून पिल्ले निसटतात. घाणीला भोके नसतात.

असो. माझ्या वर्गमित्राचे मामा जातीने आणि धंद्याने भोई. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर मी नदीवर गेलो. सकाळी वरच्या अंगाला, दुपारनंतर खालच्या अंगाला, असा बेत त्यांनीच ठरवला. ‘एक गोष्ट दाखवाची हाय तुले,’ एवढेच ते म्हणाले.

सकाळी आम्ही वरच्या बाजूच्या एका लहानशा डोहावर होतो. पाणी फार नव्हते, पण तळचे गोटे दिसत होते. मामांनी जाळे खांद्यावर घेतले, कडेचा एक भाग दातांत धरला आणि कमरेतून अशी गिरकी घेतली की जाळे हवेत गोल फुलून पाण्यावर पडले. शिशाचे मणी बुडाल्याचा बारीक आवाज तेवढा आला. ओढून घेतले तेव्हा त्यात झिंगे होते, बोटाएवढे चकचकीत मासे होते, रोहूची दोन-तीन पिल्ले होती आणि एक वाम होती. पिल्ले त्यांनी लगेच पाण्यात सोडली. तासाभरात सहा वेळा जाळे टाकले. टोपली अर्धीही भरली नाही. मला तो तोटा वाटला. मामा मात्र खुशीत होते. ‘जाती मोज,’ ते म्हणाले. मी मोजल्या, तर त्या अर्ध्या टोपलीत सात जाती निघाल्या.

दुपारनंतर आम्ही भातकुलीच्या बाजूला खाली गेलो. तेथे नदी पाहण्याआधी तिचा वास येतो. काठाला राखी रंगाचा फेस धरला होता आणि मध्ये जलपर्णी इतकी दाटली होती की दुरून पाहणाऱ्याला हिरवेगार शेत वाटावे. मामांनी पाण्यात उतरण्याआधी पायांना तेल चोळले. या पाण्यात तासभर उभे राहिले की पाय रात्रभर खाजतात, असे त्यांनी सांगितले. मोकळी जागा शोधून जाळे टाकले. ओढताना ते जड लागले म्हणून मी आनंदलो. वर आले तेव्हा त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या, औषधाची एक बाटली होती, चपलेचा तळवा होता, आणि त्या साऱ्या ऐवजात तडफडणारे मासेही होते, सकाळपेक्षा पुष्कळ अधिक. मी पुन्हा जाती मोजल्या. तिलापिया, मागूर आणि एक मरळ. बस्स, तीन.

मामांनी एका तिलापियाचा कल्ला बोटाने उघडून मला दाखवला. सकाळच्या माशाचा कल्ला जास्वंदीसारखा लाल होता. हा काळपट, बुळबुळीत. मग त्यांनी जे सांगितले ते मी घरी येऊन जसेच्या तसे लिहून ठेवले आहे:

‘नदी कशी हाय हे मले इचारू नको. टोपल्यात काय हाय थे पाय. आंधी इथं वाम भेटे, झिंगे भेटत. आता हेच रायले. मरय अन् मागूर तोंड वर काढून हवा घेते, म्हनून वाचले. ज्याले पान्यातच सास घ्या लागते थे कवाचे गेले. सायेब लोक येतेत, बाटलीत पानी भरून नेतेत. आमाले कोनी इचारत नाई.’

मित्रहो, हे वाक्य एखाद्या शास्त्रज्ञाने इंग्रजीत लिहिले असते तर आपण त्याला संशोधन म्हटले असते. मी महाविद्यालयात परत आल्यावर ग्रंथालयातील पुस्तके चाळली आणि मामांचा शब्द न् शब्द खरा निघाला. सांडपाणी पाण्यात मिसळले की ते कुजविणारे जंतू वाढतात, आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते खाऊन टाकतात. मासे नीट जगावे-वाढावे म्हणून दर लिटर पाण्यात निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असे आपल्याकडचे मानक आहे. माणसाने अंघोळ करावी अशा पाण्यात तो निदान ५ मिलिग्रॅम हवा. प्राणवायू घटला की नाजूक जाती आधी मरतात. मरळ आणि मागूर यांना मात्र निसर्गाने वरची हवा घेण्याची सोय दिली आहे आणि तिलापिया हा मूळचा परदेशी मासा मोठा चिवट. म्हणून ते तगून राहतात. तात्पर्य, टोपलीतल्या मासळीचे वजन नदीविषयी काहीच सांगत नाही, जाती सांगतात.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. रात्री पाणवनस्पती प्राणवायू सोडीत नाहीत, उलट घेतात. त्यामुळे घाण पाण्यात पहाटेच्या वेळी प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासे तोंड वर काढून काठाशी तरंगू लागतात. अशा वेळी लहान पोरेसुद्धा हातांनी मासे धरतात, आणि गावात आनंदीआनंद होतो की आज नदी पावली! मामांच्या घरी याबद्दल एक नियम आहे: ‘हातानं भेटनारी मासोई खाऊ नाई.’ जो मासा पळत नाही तो आजारी. आणि जेथे मासा आजारी, तेथे पाणी आजारी. कष्टाविना मिळणाऱ्या लाभाविषयी आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथांनी पुष्कळ लिहिले आहे. इतक्या थोडक्यात ते कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

कायद्याचेही पाहा. मासे धरण्याच्या किंवा मारण्याच्या हेतूने पाण्यात विष, चुना अथवा अपायकारक द्रव्य टाकणाऱ्याला इंग्रजांच्या १८९७ सालच्या मत्स्य कायद्याने दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. म्हणजे भुकेपोटी डोहात विष कालवणारा माणूस गुन्हेगार होता, आणि तो व्हावाच. पण मासे मारण्याचा हेतू मनात न ठेवता, केवळ आपले घर, आपला कारखाना, आपले शहर स्वच्छ राहावे म्हणून जो तेच करतो, त्याचे काय? त्याच्यासाठी कायदा यावयास पुष्कळ काळ जावा लागला. महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा केला, १९७० साली मंडळ स्थापले, आणि १९७४ साली साऱ्या देशासाठी जल अधिनियम झाला. कायद्याला पन्नास वर्षे होऊन गेली. या पन्नास वर्षांतच पेढीच्या खालच्या डोहातून वाम गेली. तेव्हा कायदा नाही म्हणून नदी मेली, असे म्हणण्याची सोय आपल्याला राहिलेली नाही.

बरे, सगळे खापर शहराच्या डोक्यावर फोडून आम्ही खेड्यातले लोक मोकळे होऊ म्हटले तर तेही खोटे ठरेल. आमच्याकडे कपाशीवर आणि संत्र्यावर फवारणी होते. फवारणी झाली की पंप धुवायला जवळचे पाणी म्हणजे नाला. सायपरमेथ्रिनसारखी औषधे माशांना इतकी जहाल असतात की अगदी अल्प मात्राही पुरते. औषधाच्या रिकाम्या डब्यांचा उकिरडा काठावरच असतो आणि पहिल्या पुराला तो आपोआप ‘साफ’ होतो. वरच्या डोहात सकाळी मला सात जाती दिसल्या खऱ्या. पण तेथेही पूर्वी किती होत्या हे मामांना विचारले तेव्हा ते हसले आणि त्यांनी दोन्ही हातांची बोटे दोनदा उघडझाप केली.

या घाणीचा भार शेवटी कोणाच्या पोटावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. शहरातल्या बाजारात गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते, ‘मासा कुठला?’ पेढीचा म्हटले की ते पुढे सरकते आणि बर्फात घालून आंध्रातून आलेला कटला घेते. शहाणपणच ते! पण न खपलेली मासळी भोई फेकून देत नाही. त्याला ते परवडत नाही. ती त्याच्याच चुलीवर जाते. म्हणजे शहराने पाणी नासवावे, शहरानेच मासा नाकारावा, आणि त्या नाकारलेल्या माशावर भोयाच्या पोरांनी जेवावे. जपानातील मिनामाता येथे असेच झाले. एका रासायनिक कारखान्याने खाडीत पारा सोडला, तो माशांत साठला, मासे खाऊन आधी कोळ्यांच्या वस्तीतली मांजरे वेड्यासारखी नाचून मेली आणि मग माणसे लुळी पडू लागली. १९५६ साली त्या रोगाची अधिकृत नोंद झाली. मांजरे त्याआधीपासूनच मरत होती. आपल्या नदीत आणि त्या खाडीत फरक आहे, आपली घाण मुख्यतः मोरीची आहे. पण जे पाण्याच्या सर्वांत जवळ, त्यांना सर्वांत आधी कळते आणि त्यांचे सर्वांत शेवटी ऐकले जाते, हा नियम दोन्हीकडे एकच आहे.

ते १९५६ साल आपल्याही ध्यानात असावयास हवे. त्याच वर्षी २० डिसेंबरला, अमरावतीकडे येत असता, वलगावजवळ याच पेढी नदीच्या काठी संत गाडगेबाबांनी देह ठेवला. ज्या पुरुषाने जन्मभर हातात खराटा धरला, त्याचा शेवटचा श्वास या नदीच्या सान्निध्यात गेला. आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. आपल्या प्रत्येक गुणपत्रिकेवर ते छापलेले असते. ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव आहे. जयंतीला आपण खराटे घेऊन रस्ता झाडतो, छायाचित्र निघते, ते याच वार्षिकांकात छापूनही येते. २०१८ साली अकोल्यात मोर्णेच्या सफाईसाठी हजारो लोक नदीत उतरले. ते काम थोर होते, देशभर त्याचे कौतुक झाले. परंतु जलपर्णी हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण आहे. सांडपाण्याचे तोंड उघडे ठेवून जलपर्णी काढणे म्हणजे ताप असलेल्या माणसाच्या कपाळाचा घाम पुसणे होय. गाडगेबाबा सकाळी गाव झाडीत आणि संध्याकाळी कीर्तनात लोकांना प्रश्न विचारीत, हे आपण विसरतो. खराटा आपण उचलला. प्रश्न मात्र तेथेच राहिले.

मग आपण, कला शाखेचे विद्यार्थी, करावे काय? आपल्यापाशी प्रयोगशाळा नाही, अधिकार नाही, निधी तर नाहीच. मला वाटते, आपल्यापाशी याहून मोठी गोष्ट आहे, आणि ती रिद्धपुरातच जन्मली आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी तेथे लीळाचरित्र सिद्ध केले. कसे केले? त्यांनी आपल्या मनाने काही रचले नाही. ज्यांनी ज्यांनी श्रीचक्रधरांना पाहिले होते, त्यांच्या-त्यांच्याकडे ते गेले, विचारले, ऐकले, भटोबासांकडून पडताळून घेतले आणि मग लिहिले. सांगणारा विद्वान की अडाणी हे पाहिले नाही. तो प्रत्यक्ष पाहणारा आहे की नाही, हे पाहिले. मराठी गद्याचा हा आरंभ साक्षीदाराच्या उंबऱ्यावर झाला आहे. आज रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आले आहे, २०२४ साली त्याला पहिले कुलगुरू मिळाले, त्याच वर्षी मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही लाभला. आपण सर्वांनी आनंद केला. पण म्हाइंभटांचा वारसा म्हणजे केवळ जुनी पोथी नव्हे. जाऊन विचारण्याची ती पद्धतही आहे.

ती पद्धत आपण पेढीला लावू या. मराठी, भूगोल आणि समाजशास्त्र या तीन विभागांनी मिळून एक नोंदवही घालावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातला एक दिवस नव्हे, तर दर महिन्याचा एक ठरलेला दिवस. उगमापासून भातकुलीपर्यंत चार-पाच डोह निवडावेत. तेथील भोयांना, परटांना, गुराख्यांना आणि पाणी भरणाऱ्या बायकांना विचारावे: आज कोणते मासे मिळाले, कोणते दिसेनासे झाले आणि केव्हापासून, फेस कोणत्या महिन्यात धरतो, मासे कोणत्या पहाटे वर येतात. सांगणाऱ्याच्याच बोलीत ते लिहावे. मराठी विभागाला त्यात माशांची, डोहांची, पाण्याच्या रंगांची शेकडो नावे मिळतील. मामांनी ज्या सात जाती धरल्या त्यांपैकी चार नावे मला आपल्या कोशात सापडली नाहीत. मासा नाहीसा झाल्यावर त्याचे नाव एक पिढी टिकते, मग तेही जाते. प्राणवायू मोजण्याची साधी पेटी विज्ञान शाखेतील मित्र देतील. तिचा आकडा त्या साक्षीशेजारी लिहावा. पाच वर्षांनी ही वही हातात घेऊन आपण जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो, तर ती बाजूला सारणे कोणालाही सोपे जाणार नाही.

कोणी म्हणेल, ‘वहीने का नदी सुधारते?’ नुसत्या वहीने सुधारत नाही, हे खरे. परंतु लंडनची टेम्स १९५७ साली तेथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी जीवदृष्ट्या मृत ठरवली होती. पुढे सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे सुधारली गेली, पैसा ओतला गेला, आणि १९७४ साली तीत पुन्हा सामन मासा सापडला. नदी सुधारली हे लोकांनी कशावरून मानले? एका माशावरून. आधी नोंद झाली, मग लाज वाटली, मग खर्च झाला आणि मग मासा आला. आपल्याकडे २०१८ च्या यादीने नोंद तर झाली आहे. पण ती सरकारी आकड्यांची आहे, नदीजवळच्या माणसांची नाही. म्हणूनच कदाचित अजून लाज वाटलेली नाही.

तेव्हा पुढल्या वर्षीच्या वार्षिकांकात नदीवर कविता यावी, तशी एक यादीही यावी, एवढीच संपादकांना विनंती. यादीत डोहाचे नाव, महिना, माशांच्या जाती आणि सांगणाऱ्याचे शब्द असावेत. ज्या वर्षी त्या यादीत भातकुलीच्या खाली ‘वाम’ हा शब्द पुन्हा लिहिता येईल, त्या वर्षी ‘नाला’ या शब्दाचा अर्थही आपण कोशात सुधारून घेऊ.